'शाळा' वाचताना

मिलिंद बोकील माझे आवडते लेखक. 'झेन गार्डन'मधल्या कथा वाचल्या, 'समुद्र' वाचली, पण 'शाळा' म्हणजे 'शाळा'! कादंबरी आली २००४ साली. होस्टेलवरच्या प्रतीचं कव्हर कधीच निघालंय, तरी नंबर लावावा लागतो.

नववीतला मुकुंद जोशी, सुऱ्या, चित्रे, फावड्या ही गँग आणि जोशीची शिरोडकर. अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये बसून 'लाइन'वर हे जेवढी चर्चा करतात, तेवढी आपण व्हायव्हाचीसुद्धा करत नाही. बाहेर आणीबाणी चालू आहे, पण पोरांना ती मोठ्यांच्या बोलण्यातून कळेल तेवढीच. मला हेच फार आवडलं. सुजय डहाकेंचा २०१२ चा सिनेमाही छान आहे, पण जोशीची मनातल्या मनात चाललेली बडबड पडद्यावर कुठून येणार?

शेवटी शिरोडकर निघून जाते आणि समोर दहावी उभी.

माझा रूम पार्टनर (नाव लिहिलं तर मार खाईन) पहिल्यांदाच मराठी कादंबरी वाचत होता. रात्री दोनला संपवली. सकाळी मेसमध्ये गप्प, पोहे तसेच. मग म्हणाला, "आपले दहावीचे क्लास नववीच्या सुट्टीतच सुरू झाले रे. वर्गातल्या पोरींची नावंपण आठवत नाहीत."

मी मोजून पाहिलं. मला दोन आठवली.

पुस्तक सध्या रेक्टर सरांनी वाचायला नेलंय. परत मागायची हिंमत अजून कुणाची झालेली नाही.