पणजोबांना जिथे माती दिली

आपल्या बौद्ध समाजात ज्याच्या घरात बारावी झालेले मूल आहे, त्याला जातपडताळणी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा, असे सांगतात. ज्यांच्या वाडवडिलांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्या नातवंडांनी वाडवडिलांचा शाळेचा दाखला आणून दाखवायचा! आमच्या पुतणीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी आम्हीही असेच कागद शोधत हिंडलो. आम्ही पेशाने कारकून. दुसऱ्यांच्या फायली शोधण्यात वीस वर्षे गेली, तेव्हा स्वतःच्या घराण्याची फाईल सापडणार नाही तर काय, असा आमचा तोरा होता.

सापडले ते कोतवाल बुकात. गाव नमुना नंबर १४, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. पाने पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या आणि अक्षर मोडी. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी ओळीवर बोट ठेवून वाचून दाखविले: साल १९३८, पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, जात महार, कारण ताप. बस्स, एका माणसाच्या साऱ्या आयुष्याची एक ओळ. पुतणीचे काम त्यावर झाले, वैधता प्रमाणपत्र हाती आले. पण ती नक्कल आमच्या मातोश्रींनी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "ह्यांना माती कुठे दिली?" लिहिता-वाचता येणारे आम्ही चौघे घरात होतो. एकालाही उत्तर देता आले नाही.

आमचे वडील कालकथित होऊन आता नऊ वर्षे झाली. आजोबा गिरणीत नोकरीला म्हणून मुंबईस आले आणि पुढची पिढी मुंबईचीच झाली. गाव साताऱ्याला लागून, आता शहराने जवळजवळ पोटात घेतलेले. ती जागा डोळ्यांनी पाहिलेले एकच माणूस आमच्या घराण्यात हयात आहे, ते म्हणजे कराडची आत्या. वय पंच्याऐंशीच्या घरात, पण कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. दिवाळीच्या सुट्टीत आई, पत्नी, दोन मुले आणि पुतणी असा सारा लवाजमा घेऊन आम्ही एस.टी.ने कराड गाठले. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून साताऱ्याकडे निघालो.

वाटेत उंब्रजला मसूरकडे जाणारा फाटा लागतो. पुतणीने धाकट्यांना मसूर स्टेशनची हकीकत सांगितली. १९०१ साली दहा वर्षांचा भिवा भावाभाच्यांसह वडिलांना भेटायला निघाला, मसूरला उतरला. मुले महारांची आहेत हे कळल्यावर गाडीवान बैलगाडी हाकायला तयार होईना. दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी पोरांनीच हाकायची, अशा बोलीवर सौदा झाला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. आमचा धाकटा विचारतो, "मग गाडीवान काय करत होता?" पुतणी म्हणाली, "बाजूने चालत होता." त्यावर जीपमध्ये बराच वेळ कोणी बोलले नाही.

सातारा हे राजधानीचे शहर. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथे झाला. पुढे १८४८ साली कंपनी सरकारने हे राज्य खालसा केले. मुलांना अजिंक्यतारा दाखविला, हेही झाले. परंतु आपल्या माणसाला साताऱ्यात पाहण्यासारख्या जागा निराळ्या आहेत. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या शाळेत 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव नोंदले गेले, ती आजची प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून महाराष्ट्र सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. सुट्टीमुळे शाळा बंद होती, फाटकाबाहेरूनच वंदन केले. याच गावात एकही न्हावी महाराच्या डोक्याला वस्तरा लावीत नव्हता आणि बाबासाहेबांचे केस थोरली बहीण कापीत असे.

मातोश्री भीमाईंची समाधी साताऱ्यात आहे. १८९६ साली त्या गेल्या तेव्हा भिवा अवघा पाच वर्षांचा होता. आमची आई तिथे हात जोडून उभी राहिली ती हलेचना. आम्ही घड्याळाकडे पाहात होतो, कारण पुढचे काम बाकी होते. आमच्या घरात एक कथा आहे, की पणजोबा आणि सुभेदार रामजी यांची ओळख होती. अशी कथा सातारा जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात असते. कागद नाही, म्हणून आम्ही ती चारचौघांत सांगत नाही.

आता मूळ जागेकडे येऊ. आत्याला खूण एकच ठाऊक होती, चिंच. चिंचेकडून ओढ्याच्या बाजूला तिच्या वडिलांची बारा पावले. जीप थांबली तेथे चिंच नव्हती. सिमेंटचे खांब, काटेरी तार आणि पलीकडे आखलेले प्लॉट होते. आत्या काठी टेकत इकडे तिकडे पाहू लागली. "आरं हितं चिच हुती. येवढी मोटी चिच कुटं जाईल?" शेजारच्या शेतातून एक वृद्ध शेतकरी आले. "तुमची माणसं अजून येत्यात व्हय?" असे म्हणून त्यांनीच तारेच्या आत शिरून एका पत्र्याच्या शेडमागे बुंधा दाखविला. चिंच पंधरा-वीस वर्षांपूर्वी पाडली, म्हणाले.

बुंध्यापासून ओढ्याकडे आमच्या मुलाने बारा पावले टाकली. आत्या ओरडली, "तुझी न्हवं, माझ्या बाची! तो उच्च हुता." मग मुलाने लांब ढांगा टाकल्या. तिथे घाणेरीच्या झुडपांत दगडांच्या पाच-सहा राशी होत्या. कुठल्याही राशीवर नाव नाही, तारीख नाही. आत्या एकेकीजवळ गेली, वाकली, आणि दोन पांढरट दगड असलेल्या राशीपाशी खाली बसली. पत्नीने आमच्या कानात विचारले, "ही नक्की का?" कचेरीत आम्ही पुरावा मागितला असता. तेथे मागितला नाही.

मग एक पेच उभा राहिला. आत्याने फडक्यातून भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी काढली. पणजोबांना बोंबील आवडत, असे तिचे वडील तिला सांगत. पुतणी एकदम म्हणाली, "आजी, बावीस प्रतिज्ञांमध्ये सहावी प्रतिज्ञा आहे. श्राद्धपक्ष करायचा नाही, पिंडदान करायचे नाही." आई आमच्याकडे पाहू लागली. धम्माच्या कार्यक्रमांत भाषणे आम्ही करतो, तेव्हा निवाडा आम्ही द्यावा असे सर्वांना वाटले. पण आत्या कोणाच्या निवाड्यासाठी थांबणारी नव्हे.

"मला नगं शिकवू गं. माझ्या बानं छप्पन साली समदं द्येव कृष्णेत सोडलं, मी सोळा वर्साची हुते, टोपलं माझ्याच डोईवर हुतं. त्या दिसापास्नं त्यानं हितं निवद ठेवला न्हाय. पर मुंबईहून आला की यायचा. हितं बसायचा, शिदोरी सोडायचा, खायाचा आन् जायाचा. त्यो काय पिंड घालत हुता?"

पुतणी गप्प झाली. मग आम्ही सर्वजण त्या दगडांभोवती बसलो, पत्नीने त्रिशरण-पंचशील म्हटले, आणि आत्याने भाकरीचे तुकडे करून आमच्याच हातावर ठेवले. दगडांवर काही ठेवले नाही. ते शेतकरीबाबाही बसले, त्यांनीही अर्धी भाकरी खाल्ली. आमच्या आजोबांनी जुने टाकताना काय टाकले आणि काय ठेवले, हे आम्हाला त्या दिवशी प्रथम कळले.

जेवताना शेतकरीबाबांनी सांगितले, की तार दर पावसाळ्यानंतर हातभर आत सरकते. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांना कराडला ठेवून तहसील कचेरी गाठली, सातबाराची नक्कल काढली. क्षेत्र चौदा गुंठे आणि शेरा 'महार स्मशान'. जागेवर सात-आठ गुंठ्यांच्या वर काही दिसत नाही. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० साली घेतला, तो योग्यच आहे. पण त्या उताऱ्यावर तो जुना शब्द नसता, तर ती जमीन आपली म्हणायला आपल्याजवळ काय होते?

पूर्वी दोन गावांच्या शिवेचा वाद पडला की महाराची साक्ष घेत. शीव महाराला ठाऊक, असे मानीत. वतनाची ती कामे आमचे पणजोबाही करीत. त्या वतनाच्या जाचातून सोडविण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणले, आणि वतने प्रत्यक्षात गेली ती स्वातंत्र्यानंतर. गावाच्या शिवेची साक्ष देणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या मातीची शीव मात्र कोणी राखली नाही.

गावात आपली अकरा घरे उरली आहेत. त्या रात्री बुद्धविहारात सर्वांना बोलाविले. एक तरुण म्हणाला, "आता आपण दहन करतो, पुरत नाही कोणाला, मग ती जागा हवी कशाला?" प्रश्न खोटा नव्हता. बराच वाद झाला. एका बाईंनी सांगितले, की त्यांचे दोन वर्षांचे मूल तिथे आहे. त्यानंतर अर्जावर अकराही घरांच्या सह्या झाल्या, दोन अंगठे झाले. हद्द कायम करण्याची मोजणी व्हावी आणि अतिक्रमण दूर व्हावे, असा अर्ज तहसीलदार, नगरपालिका आणि भूमी अभिलेख या तिन्ही ठिकाणी दिला, पोच घेतली. एक पोच गावात ठेवली आहे, दुसरी आमच्या कपाटात त्या मोडी नकलेच्या शेजारी आहे.

मोजणीची तारीख अजून आलेली नाही. तारीख लागली की आत्याला कराडहून आणावे लागेल. बुंधाही त्यांनी उपटला असेल, तर चिंच कुठे होती हे मोजणीदाराला सांगणारे दुसरे कोणी नाही.