बाबांचा फोटो नकाशावर

फोटो तसा साधाच आहे. एका दगडावर बाबा बसलेत, डोक्यावर पांढरी टोपी, हातात संत्रं. मागे उभा कडा आणि त्याच्याशेजारी आकाशात घुसलेला एक सुळका. खालच्या कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याची सावली. फाइलचं नाव ‘डीएससीएन’ आणि पुढे चार आकडे. तारीख १ जानेवारी २०००. म्हणजे साफ खोटी! हा कॅमेरा घरात आला २००६ मध्ये. बॅटरी पूर्ण उतरली की त्याचं घड्याळ परत शून्यावर यायचं आणि ते लावायचा कंटाळा बाबांना कायमचाच.

बाबांना जाऊन आता तीन वर्षं होतील. त्यांच्या हार्डडिस्कवर अकराशे फोटो सापडले. डोंगर, डोंगर आणि डोंगर. कुठला कोणता, हे सांगणारा माणूसच नाही. मी लहान असताना म्हणायचो, ‘बाबा, पुढच्या वेळी येतो.’ पुढे कॉलेज, मग नोकरी, मग प्रोजेक्टच्या डेडलाइन्स... तुम्हाला माहीतच आहे.

हल्ली मोबाइल प्रत्येक फोटोत जागा आपोआप लिहून ठेवतो. फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाचा कप्पा असतो. शटर स्पीड, तारीख, वेळ आणि जीपीएस असेल तर अक्षांश-रेखांशही त्यातच. जुन्या कॅमेऱ्यांत हा रकाना रिकामा. पण तो नंतरही भरता येतो बरं का! एकेकाळी लोक हे काम पिकासा आणि गुगल अर्थच्या जोडीवर करायचे. २०१६ मध्ये पिकासा बंद झालं. लाइटरूममध्ये २०१२ पासून नकाशा आहे. मी मात्र डिजिकॅम घेतलं, कारण ते चकटफू आहे आणि महिनाअखेर होती!

रोज रात्री जेवण झालं की मी बसायचो. डावीकडे फोटो, उजवीकडे नकाशा. फोटो उचलायचा, नकाशावर सोडायचा, की झाली टाचणी. राजगडाची बालेकिल्ल्याकडची चढण, हरिश्चंद्रगडाचं मंदिर, लोहगडाचा विंचूकाटा, हे पटापट बसले. दगडावरचे बाबा मात्र बसेनात.

‘अगं आई, हा कुठला फोटो?’

आईने चष्मा लावला. ‘नाणेघाट. तो मागचा जीवधन आणि ती वानरलिंगी.’

‘नक्की?’

‘अरे, नक्की म्हणजे काय! संत्रं मीच सोलून दिलं होतं.’

शनिवारी सकाळी सहाला आम्ही पुण्यातून निघालो. नारायणगाव, जुन्नर, मग घाटघर. तेव्हा ते दोघं घाटघरपर्यंत एसटीने आणि पुढे चालत गेले होते. आता गाडी थेट पठारावर जाते, म्हणूनच आईच्या गुडघ्यांनी परवानगी दिली. मोबाइलवर मी ट्रॅक सुरू केला. कुठल्या क्षणी आपण कुठे होतो याची ती जीपीएक्स फाइल. गळ्यात बाबांचाच कॅमेरा, या वेळी घड्याळ मोबाइलशी मिळवून.

नाणेघाट म्हणजे सातवाहनांच्या काळातली वाट. कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांतला माल इथून चढून जुन्नरला जायचा. घाटमाथ्यावर तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. आई रांजणापाशी थांबली आणि मी चार पायऱ्या उतरून गुहेत गेलो. भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. ब्राह्मी आकड्यांच्या सगळ्यात जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते. पण मी खिळलो ते मागच्या भिंतीपाशी. तिथे एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आता त्या नाहीत, कुठे कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. वर मात्र नावं अजून आहेत. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी. दोन हजार वर्षांत चित्रं गेली आणि टॅग राहिले! आणि माझ्याकडे? चित्रं सगळी शाबूत, टॅगच गायब.

मग खरी शोधाशोध. पठार केवढं तरी मोठं आणि दगड म्हणाल तर पैशाला पासरी! मी प्रिंट हातात धरून फिरू लागलो. युक्ती सोपी आहे. फोटोत सुळका आणि कडा यांच्यामध्ये आकाशाची एक फट दिसते. एका बाजूला सरकलं की फट मिटते, दुसऱ्या बाजूला गेलं की रुंदावते. फोटोतल्याइतकी फट दिसली की समजायचं, आपण बरोबर रेषेवर आहोत. मग त्या रेषेवर पुढे-मागे जात दगड शोधायचा. पाऊण तास गेला. वारा असा की प्रिंट दोनदा उडता उडता वाचली.

आणि सापडला! तीच चीर, तोच बसायला सपाट भाग. मी बाबांच्या जागी बसलो. काय वाटलं ते लिहिणार नाही. मोबाइलने एक फोटो काढला. साधारण १९.२९ उत्तर, ७३.६८ पूर्व. मिशन पूर्ण!

रविवारी डिजिकॅममध्ये ट्रॅक आणि कालचे फोटो जुळवायला बसलो. सॉफ्टवेअर फोटोची वेळ बघतं आणि त्या वेळी आपण ट्रॅकवर कुठे होतो ते शोधून जागा लिहितं. बटण दाबलं आणि सकाळी साडेअकराचा रांजण थेट नारायणगावच्या मिसळीच्या दुकानात! झालं असं, की जीपीएक्समध्ये वेळ ग्रीनिचची असते आणि आपण साडेपाच तास पुढे. कॅमेऱ्याचा टाइमझोन मी चुकून ग्रीनिचच ठेवला होता, त्यामुळे माझे साडेअकरा त्याने संध्याकाळचे पाच धरले. तेव्हा आम्ही मिसळ खात होतो. तुम्ही करणार असाल तर आधी टाइमझोन बघा. मूळ फोटोंची कॉपी ठेवा. आणि घरातले फोटो कुणाला पाठवताना जागा काढून टाका, आपला पत्ता सगळ्या जगाला कशाला?

सगळ्यात शेवटी बाबांचा फोटो. दगडावरच्या फोटोची जागा कॉपी केली, बाबांच्या फोटोवर पेस्ट केली. आईला हाक मारली, ‘ये, बघ, बाबा नकाशावर आले.’

ती बघत राहिली. मग म्हणाली, ‘पण मी तर इथे उभी होते. या बाजूला, आठ-दहा पावलं मागे. तू त्या दगडावर बसलास तेव्हा मी तिथेच येऊन उभी राहिले होते. तुझं लक्ष नव्हतं.’

मी चरकलो. तिचं बरोबर होतं! एक्झिफमधले अक्षांश-रेखांश कॅमेऱ्याच्या जागेचे असतात. फोटोत जे दिसतंय त्याच्या जागेसाठी वेगळा रकाना आहे, तो सहसा कुणी भरत नाही. अकराशे फोटोंत मी बाबांना शोधत होतो. त्यातले किती आईने काढले, हे मी कधी विचारलंच नव्हतं. कोपऱ्यातली ती सावलीसुद्धा मी इतके दिवस ‘ग्रुपमधलं कुणीतरी’ म्हणून सोडून दिली होती.

टाचणी उचलली. आई म्हणाली, ‘अजून थोडं मागे... हं, बस.’ तिथे सोडली आणि सेव्ह केलं.

आता रोज रात्री आम्ही दोघं बसतो. अजून सहाशे फोटो आहेत. टाचणी कुठे टोचायची ते आई सांगते.