प्रयोगवहीतलं १०.८६

शिकवणाऱ्यांना शिकवणं म्हणजे काय, एवढंच सोप्या भाषेत लिहा, असं संपादकांनी सांगितलं. दिवाळी अंकात गणित नको, हे मला कळतं. पण या पावसाळ्यात पाहिलेली एक प्रयोगवही डोक्यातून जात नाही, आणि ती गणिताशिवाय सांगता येत नाही.

आमच्या राजोडी गावातलीच मुलगी, सायन्सच्या पहिल्या वर्षाला. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्व त्वरण ९.८च्या आसपास यायला हवं, तिचं १०.८६ आलं. वहीवर लाल शाईत फुली आणि दहापैकी तीन गुण. बॅचमधल्या बाकी सगळ्यांचं उत्तर बरोबर. वही तपासली होती पीएच.डी. करणाऱ्या एका सहायकाने.

मी तिला दोलनं मोजून दाखवायला सांगितलं. स्टॉपवॉच दाबताना ती ‘एक’ म्हणाली. म्हणायला हवं ‘शून्य’. ‘वीस’ म्हणेपर्यंत तिची दोलनं एकोणीसच झाली होती. वेळ भागिले वीस केल्यावर दोलनकाळ पाच टक्क्यांनी कमी आला, सूत्रात त्याचा वर्ग भाजकात असतो, म्हणून उत्तर जवळजवळ अकरा टक्क्यांनी वाढलं. ९.८चं थेट १०.८६! तिची लांबी अचूक होती, वेळही अचूक होती. चूक मोजणीच्या पहिल्या शब्दात होती आणि उत्तराचा आकडा ती स्वतःहून सांगत होता. बाकीच्या मुलांनी काय केलं, ते प्रत्येक लॅबमध्ये माहीत असतं. उत्तर आधी धरायचं आणि रीडिंग ‘ॲडजस्ट’ करायचं. पूर्ण गुण त्यांना मिळाले.

त्या सहायकाला मी दोष देत नाही. चुकीचं उत्तर वाचायचं कसं, हे त्याला कुणी कधी दाखवलंच नव्हतं. शाळेत पाचवीच्या वर्गावर उभं राहायला डी.एड. लागतं. पदवीच्या वर्गावर उभं राहायला नेट किंवा सेट, नाहीतर पीएच.डी. पुरते. विषय आला की शिकवता येतं, ही समजूत आमच्या क्षेत्राचं सर्वांत जुनं दुखणं आहे, आणि लोकांपेक्षा ती प्राध्यापकांतच जास्त घट्ट आहे.

शिकता शिकता शिकवण्याची प्रथा मात्र आपल्याकडे नवी नाही. पेशवाईत श्रावणात वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा पैसा इंग्रजी अमलात हळूहळू शिक्षणाकडे वळला आणि त्यातून कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. न्या. रानडे, डॉ. भांडारकर, पुढे आगरकर, सगळे दक्षिणा फेलो. रानडे १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी.ए.च्या तुकडीतून बाहेर पडले, १८६४ला एम.ए. झाले, आणि याच काळात विद्यार्थ्यांना शिकवतही होते.

आज नियमही आहे. यूजीसीच्या २०२२च्या पीएच.डी. नियमावलीनुसार प्रत्येक संशोधकाला, विषय कुठलाही असो, अध्यापनाचं किंवा लेखनाचं प्रशिक्षण बंधनकारक आहे. शिवाय ट्युटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापनासाठी आठवड्याला चार ते सहा तासांचं काम देता येतं. पण प्रशिक्षण आधी आणि काम नंतर, असा क्रम त्यात बांधलेला नाही. माझा सगळा राग इथे आहे. संशोधक आधी वर्गावर जातात, आणि प्रशिक्षण पुढे कधीतरी एका हॉलमध्ये उरकलं जातं: दीपप्रज्वलन, शैक्षणिक धोरणावर दोन भाषणं, चहा, प्रमाणपत्र. अशा हॉलमध्ये मीही भाषणं केली आहेत. आता नाही म्हणते.

मग करायचं काय? सूक्ष्म अध्यापन बी.एड.वाल्यांना ठाऊक आहे. पाच-सात मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, लगेच अभिप्राय, पुन्हा पाठ. १९६०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये ते रुजलं. उपयोगी आहे, पण सहायक फळ्यापाशी कमी आणि वह्यांपाशी जास्त असतो. म्हणून मी नाव झाकलेल्या एकाच वहीच्या प्रती सगळ्यांना देते. प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता गुण द्यायचे. कुणी तीन देतो, कुणी आठ. मग वाद होतो, आणि वादातून गुणांची वाटणी ठरते: मांडणीला किती, नोंदींना किती, त्रुटीच्या अंदाजाला किती, अंतिम आकड्याला किती. आकड्याला दहात एकाहून जास्त गुण ठेवू नयेत, यावर मी हटून बसते. सहकारी मला हेकेखोर म्हणतात. आकड्यालाच गुण देत राहिलो, तर आपण मुलांना खोट्या नोंदी करायला शिकवतो, आणि हीच मुलं उद्या औषधांच्या आणि पाण्याच्या तपासण्या करणार आहेत.

लोकांना संशोधक म्हणजे फेलोशिपवर बसून खाणारा वाटतो. जेआरएफ ही संशोधकांची फेलोशिप जानेवारी २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये आहे खरी. पण ती मिळते थोड्यांना. कितीतरी जण काहीही न मिळता संशोधन करतात आणि वह्याही तपासतात. ‘अजून शिकतेच आहे का?’ हे त्यांनी प्रत्येक लग्नात ऐकायचं. शंभर वह्या नीट वाचायला किती संध्याकाळी जातात, हे विचारणाऱ्याला माहीत नसतं आणि विभागप्रमुख ते विचारत नाहीत.

माझी विद्यापीठांकडे मागणी छोटी आहे. सत्र सुरू होण्याआधीचा एक आठवडा प्रशिक्षणाला द्या, तो त्या चार-सहा तासांच्या हिशेबात धरा, आणि तपासणीचे पैसे फेलोशिप नसलेल्यांनाही मिळू द्या. पहिल्या दिवशी लंबक मी घेऊन येईन.