जाणतें स्वप्न

स्वप्नांतील व्यवहारावर मनुष्याची कांहींएक सत्ता चालत नाहीं, अशीच आपली सामान्य समजूत असते. स्वप्न 'पडतें', आपण तें पाहतों. आपल्या भाषेंतील क्रियापदांनींच हा निकाल देऊन ठेवला आहे. राजा हरिश्चंद्रानें स्वप्नांत राज्य दान केलें आणि जागें झाल्यावर तें वचन पाळलें, ह्याचें कौतुक आमच्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलें. परंतु दान करतेवेळीं 'हें स्वप्न आहे' एवढें त्याच्या ध्यानांत कां आलें नाहीं, हा प्रश्न कोणीं विचारल्याचें मला आठवत नाहीं. तो माझ्या नातीनें विचारला. ती महाविद्यालयांत मानसशास्त्र शिकते.

"आजोबा, स्वप्न चालूं असतांनाच तें कळूं शकतें," ती म्हणाली, "आणि तें शिकतांहि येतें."

इंग्रजींत ह्या प्रकाराला 'ल्यूसिड ड्रीम' म्हणतात. मी त्याला जाणतें स्वप्न म्हणतों. हें नांव रूढ केलें तें फ्रेडरिक व्हॅन ईडन ह्या डच वैद्यानें, १९१३ सालीं. १८९८ पासून १९१२ पर्यंत स्वतःला पडलेलीं अशीं ३५२ स्वप्नें त्यानें नोंदून ठेविलीं होतीं. आणि त्या स्वप्नांत आपण मृत आप्ताशीं बोललों, असेंहि त्यानें लिहिलें आहे. मात्र असल्या कथनावर शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. झोंपलेला मनुष्य साक्ष कशी देणार? पुढें १९५३ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, निद्रेच्या एका विशिष्ट अवस्थेंत मिटलेल्या पापण्यांखालीं बुबुळें वेगानें फिरतात, आणि ठळक स्वप्नें बहुधा ह्याच अवस्थेंत पडतात. त्या वेळीं बाकीचें शरीर जणूं जखडलेलें असतें. डोळे तेवढे मोकळे राहतात. ह्याचाच उपयोग इंग्लंडांतील हल विद्यापीठांत कीथ हर्न ह्यांनीं करून घेतला. 'स्वप्न ओळखूं आलें कीं डोळे ठरल्याप्रमाणें डावीकडे-उजवीकडे फिरवा' असें त्यांनीं ॲलन वर्स्ली नांवाच्या गृहस्थांस सांगून ठेविलें होतें, आणि १९७५ च्या एप्रिलांत ती खूण यंत्राच्या कागदावर उमटली. अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें स्टीफन लाबर्ज ह्यांनीं स्वतंत्रपणें हेंच सिद्ध केलें व नवशिक्यांसाठीं अभ्यासाची रीत बसवून दिली. २०२१ सालीं तर निद्रिस्ताला 'आठांतून सहा गेले किती' असें विचारून डोळ्यांच्या खुणेनें 'दोन' हें उत्तर मिळविल्याचें प्रसिद्ध झालें.

आपल्याकडे हा विषय अगदींच अपरिचित नव्हता. बृहदारण्यकोपनिषदांत म्हटलें आहे कीं, स्वप्नांत खरे रथ नसतात, घोडे नसतात, रस्तेहि नसतात. द्रष्टा तेथें तीं सारीं स्वतःच निर्माण करतो. तिबेटांतील बौद्ध साधकांनीं तर स्वप्नांत जाणीव राखण्याचा एक योगच सांगितला आहे. पण त्यांचा हेतु मोक्षाचा. माझा हेतु इतका उंच नव्हता.

माझी पत्नी जाऊन आतां पांच वर्षें झालीं. वर्षांतून दहा-बारा वेळां ती स्वप्नांत येते. ज्यांच्या घरांतून असें माणूस गेलें आहे त्यांना हें सांगावयास नको कीं, स्वप्नांत तें गेलेलें नसतेंच. आणि म्हणूनच ती भेट फुकट जाते! गॅसचें सिलिंडर कधीं येणार, माझा चष्मा कोठें आहे, असल्या गोष्टींत ती संपते. जागा झाल्यावर मनांत येई, निदान एकदां तरी कळावयास हवें होतें. तिच्या शेवटच्या नऊ दिवसांत श्वासाच्या नळीमुळें तिला बोलतां येत नव्हतें. 'तुला फार त्रास झाला का?' हा प्रश्न तेव्हांपासून माझ्यापाशीं तसाच राहिला आहे. एकाहत्तराव्या वर्षीं मी ह्या अभ्यासास लागलों तो त्यासाठीं.

अभ्यास दिसावयास पोरखेळासारखा आहे. पहिली गोष्ट वही. उशाशीं वही ठेवावयाची आणि जाग येतांच, कूससुद्धां न बदलतां, आठवेल तें आठवून मग लिहावयाचें. पहिल्या आठवड्यांत माझ्या वहींत सात ओळी होत्या. महिन्याभरांत पानेंच्या पानें भरूं लागलीं. आपल्याला स्वप्नें पडत नाहींत असें म्हणणारे बहुतेक लोक तीं विसरत असतात, एवढाच त्याचा अर्थ. वही चाळतां चाळतां एक गोष्ट लक्षांत आली. माझीं निम्मीं स्वप्नें शाळेच्या जिन्यावर घडतात, आणि मी तर निवृत्त होऊन तेरा वर्षें झालीं! अशीं वारंवार येणारीं स्थळें म्हणजे ओळखीच्या खुणा. त्या जपून ठेवावयाच्या असतात.

दुसरी गोष्ट, जागेपणीं दिवसांतून आठ-दहा वेळां 'हें स्वप्न तर नाहीं ना?' असें मनापासून विचारणें. नुसतें विचारून भागत नाहीं, पारख करावी लागते. लिहिलेलें एकदां वाचावें, नजर दुसरीकडे न्यावी, पुन्हां वाचावें. स्वप्नांतील अक्षरें बहुधा दुसऱ्यानें वाचतांना बदललेलीं असतात. मी त्यासाठीं भिंतीवरच्या कालनिर्णयांतील तिथि पाहत असें. सूनबाईला प्रथम वाटलें कीं मला कोणत्या तरी व्रताची हुरहुर लागली आहे. जागेपणीं जडलेली संवय स्वप्नांतहि डोकें वर काढते, ही ह्यामागची युक्ति.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. स्वप्नांच्या अवस्था सुमारें दीड-दीड तासानें येतात आणि पहाटेकडे त्या लांबत जातात. म्हणून पांच तास झोंप झाल्यावर उठावें, थोडा वेळ जागें राहावें, आणि 'पुढचें स्वप्न पडेल तेव्हां तें स्वप्न आहे हें मला आठवेल' असा संकल्प करीत पुन्हां निजावें. हें रोज करूं नये. झोंप मोडून स्वप्न कमावणें हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे; आणि ज्यांचें मन आधींच आजारी आहे, किंवा ज्यांना खरें-खोटें निवडणें जड जातें, त्यांनीं ह्या वाटेस वैद्याच्या सल्ल्यावांचून जाऊंच नये. जाग येतांना शरीर क्षणभर हलत नाहीं असा अनुभवहि कोणाकोणाला येतो. मला तो दोनदां आला. माहीत नसतें तर भुताटकी वाटली असती.

सातव्या आठवड्यांत शाळेच्या त्याच जिन्यावर मला एकाएकीं उमगलें, आणि त्या आनंदानेंच मी जागा झालों. हें प्रत्येक नवशिक्याचें होतें म्हणे. उपाय असा सांगतात कीं, स्वप्नांतल्या स्वप्नांत तळहात एकमेकांवर चोळावे, म्हणजे लक्ष तेथेंच गुंतून राहतें.

मग श्रावणांतल्या एका पहाटे ती आली. स्वयंपाकघरांत वर्तमानपत्र पसरून मेथी निवडीत बसली होती. मी संवयीनें वर्तमानपत्राचा मथळा वाचला, पुन्हां वाचला, आणि तो बदललेला होता. हें स्वप्न आहे हें कळलें. पण त्याच क्षणीं ती नाहीं हेंहि कळलें. इतर स्वप्नांत जें दुःख दाराबाहेर थांबत असे तें आज ज्ञानाच्या पाठोपाठ आंत आलें. कोणत्याहि पुस्तकानें मला ह्याची कल्पना दिली नव्हती. मी हात चोळूं लागलों. तिनें मान वर केली.

"थंडी वाजते का हो?"

प्रश्न ओठांवर होता. पण रथ, घोडे, रस्ते आणि ही मेथी, सारें करणारा मीच, तर उत्तरहि माझेंच येणार. 'नाहीं, त्रास नाहीं झाला,' असें ती म्हणाली असती, तर तें कोण म्हणालें असें मीं समजावयाचें होतें? मीं विचारलें नाहीं. "नाहीं ग," म्हटलें, आणि शेजारीं बसून मेथी निवडूं लागलों. तिच्या डाव्या मनगटावर कुकरच्या वाफेनें भाजल्याचा अर्धचंद्राकृति डाग होता. तो डाग मी पार विसरून गेलों होतों. जागा झाल्यावर जुना आल्बम काढला. एका लग्नाच्या छायाचित्रांत तो स्पष्ट दिसतो.

नातीला हें सांगितलें तेव्हां ती हळहळली. "विचारायचें तरी होतें, आजोबा! उत्तर काय येतें तें तर कळलें असतें." शास्त्राच्या दृष्टीनें तिचें म्हणणें बरोबर आहे, आणि कोणी विचारूं इच्छील तर मी त्याला अडविणार नाहीं.

वही अजून चालूं आहे. मात्र पहाटेचा संकल्प मी आतां महिन्यांतून एक-दोनदांच करतों. त्या रात्रीं उडून पाहतों, शाळेच्या गच्चीवरून पर्वतीपर्यंत. तें फार मौजेचें आहे. इतर रात्रीं कांहींच न ठरवितां निजतों. गेल्या मंगळवारीं ती आली होती. बाल्कनींतले कपडे आंत घेतले नाहींत म्हणून माझ्यावर रागावली, आणि पाऊस येत नाहीं असें मी हट्टानें सांगत राहिलों. वहींत ह्याचीं सव्वा दोन पानें झालीं.