जॅक जॉन्सनला परागंदा कुणी केले?

आमच्या नागपुरातल्या वस्त्यांमधली पोरे आज मोबाइलवर एमएमएच्या लढती बघतात. कुणी कुणाला कितव्या राऊंडमध्ये पाडले, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यात वाईट काहीच नाही. पण रिंगणात जो पडत नाही, त्याला रिंगणाबाहेर कसे पाडतात, हे त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून आम्ही त्यांना जॅक जॉन्सनची गोष्ट सांगतो.

जॉन्सन अमेरिकेतला कृष्णवर्णीय बॉक्सर. आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. 1908 साली सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून तो हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. गोऱ्यांना हे सहन होईना. त्यांनी निवृत्त झालेल्या जेफ्रीजला परत रिंगणात उतरवले. 4 जुलै 1910 रोजी जॉन्सनने त्यालाही लोळवले. त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली. एक माणूस लढत जिंकला आणि शिक्षा सगळ्या समाजाला झाली. हे वाचताना आपल्याला खैरलांजी आठवत नाही का?

ठोशांनी तो हरत नव्हता, म्हणून कायदा पुढे आला. जॉन्सन गोऱ्या स्त्रियांवर प्रेम करी, त्यांच्याशी लग्न करी. स्त्रियांच्या व्यापाराविरुद्ध केलेला मान ॲक्ट त्याच्यावर लावण्यात आला. ज्यूरीत सगळे गोरे. 1913 साली त्याला एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. तो कॅनडामार्गे फ्रान्सला निसटला आणि सात वर्षे परागंदा राहिला.

आता तारखा नीट बघा. जॉन्सनने जून 1913 मध्ये अमेरिका सोडली. पुढच्याच महिन्यात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला उतरले. 23 एप्रिल 1916 रोजी जॉन्सन बार्सिलोनात पोटासाठी आर्थर क्रॅव्हन नावाच्या एका कवीशी लढत होता. जगज्जेत्याची ही अवस्था! त्यानंतर सोळाच दिवसांनी, 9 मे 1916 रोजी, बाबासाहेबांनी कोलंबियात भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. त्यातला मुद्दा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. जातीचा प्राण जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात आहे. बाबासाहेबांनी जॉन्सनबद्दल काही लिहिले, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की जॉन्सनला ज्या कुंपणाने देशाबाहेर फेकले, त्याच जातीचे कुंपण बाबासाहेब त्या दिवशी उलगडून दाखवत होते.

1915 साली हवानात जेस विलर्डने जॉन्सनचा किताब घेतला. त्यानंतर 1937 मध्ये जो लुईस जिंकेपर्यंत, म्हणजे 22 वर्षे, एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेटच्या किताबासाठी लढू दिले गेले नाही. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी ही 22 वर्षे पाठ करावीत. आपल्याकडे तरी वेगळे काय होते? पळवणकर बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदूंच्या संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. ते 1923 साली त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. परागंदा व्हायला देशच सोडावा लागतो असे नाही. 1931 साली बाबासाहेबांनी गांधींना तोंडावर सांगितले होते की मला मायभूमी नाही.

जॉन्सन संत नव्हता. पत्नी एटाला तो मारहाण करी. तिने 1912 साली आत्महत्या केली. हे झाकून त्याची पूजा करणे आम्हाला मान्य नाही, कारण विभूतिपूजेचा धोका बाबासाहेबांनीच आपल्याला सांगितला आहे. पण खटला त्या मारहाणीचा चालला नाही. खटला चालला कुंपण ओलांडल्याचा.

1920 साली तो परतला आणि तुरुंगात गेला. 2018 साली त्याला माफी मिळाली, मृत्यूनंतर 72 वर्षांनी. माफी त्याला कशाला? त्याने केला होता तरी कोणता गुन्हा?

हा जुना इतिहास आहे, असे कुणी म्हणेल. 2014 साली खर्ड्याच्या नितीन आगेचा खून झाला. वय 17. सवर्ण मुलीशी बोलल्याचा संशय, एवढेच कारण सांगितले गेले. 2017 साली आरोपी निर्दोष सुटले. कुंपण शाबूत आहे.

म्हणून तरुण मित्रांनो, लढती जरूर बघा, तालीम करा, पदके आणा. पण एक प्रश्न स्वतःच्या घरातही विचारा. दीक्षाभूमीवर डोके टेकवून आलेले आपण सोयरिकीच्या वेळी पोटजात का विचारतो? ज्या कुंपणाने जॉन्सनला परागंदा केले आणि नितीनचा जीव घेतला, त्याची एक काडी आपल्याही अंगणात रोवलेली आहे. ती उपटायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

जय भीम!