सीमेपर्यंतचा कागद

आमच्या वेळी शाळेत दोन प्रकारच्या चिठ्ठ्या असत. हाऊस मास्तरांची चिठ्ठी खिशात असली की आवारात कुठंही जाता येई. मेन गेटवर मात्र तिला काडीची किंमत नव्हती. तिथं शिक्क्याचा आउटपास लागे. एका रविवारी मी हाऊस मास्तरांची चिठ्ठी पुढं करून बाहेर पडायचा प्रयत्न केला. गेटवरच्या हवालदारांनी ती पूर्ण वाचली, नीट घडी घालून परत दिली आणि म्हणाले, "चिठ्ठी सही है बेटा, पर ये गेट की चिठ्ठी नहीं है."

त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. त्या वाक्याचा अर्थ पुढं कित्येक वर्षांनी कळला, आणि तोही शाळेपासून फार लांब, अमेरिकेच्या वायव्य टोकाला बेलिंगहॅमच्या विमानतळावर.

नोकरीनिमित्त मी तिकडं होतो. एनडीएत जायचं राहून गेलं होतं, पण उडण्याची हौस गेली नव्हती. खासगी वैमानिकाचा परवाना काढला आणि दोन मित्रांच्या भागीदारीत एक जुनं, चार आसनांचं सेसना १७२ घेतलं. समुद्रापलीकडं कॅनडातल्या व्हिक्टोरियात माझा शाळेतला बॅचमेट राहत होता. त्या उन्हाळ्यात त्याचे वडील साताऱ्याहून आले होते. काका सर्व्हिस कोअरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आसामात असताना त्यांनी डकोटा विमानांत रसद चढवली होती. "पोती हजारो चढवली, पण वैमानिकाशेजारी कधी बसलो नाही," असं ते फोनवर म्हणाले आणि मी शब्द देऊन बसलो. शनिवारी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. सकाळी मी विमान घेऊन पोचायचं, दुपारी पूजा आणि जेवण, आणि संध्याकाळी काकांना बेटांवरून चक्कर, असं ठरलं.

बेलिंगहॅम ते व्हिक्टोरिया हे हवेतून जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर. पण मध्ये देशाची सीमा आहे. त्यामुळं मी तयारी मनापासून केली होती. पासपोर्ट, परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र, अमेरिकन कस्टम्सला इंटरनेटवरून आगाऊ प्रवासी-सूचना, कॅनडाच्या कस्टम्सला फोन, फ्लाइट प्लॅन, सगळं झालं होतं. अमेरिकेतल्या अमेरिकेत छोट्या विमानाच्या रेडिओसाठी वेगळा परवाना लागत नाही, परदेशी जाताना लागतो. तोही मी काढला होता. विमानात लाडवांचा डबा ठेवला आणि तपासणी सुरू केली.

शेजारच्या हँगरमधले एक म्हातारे वैमानिक येऊन उभे राहिले. कुठं निघालास म्हणून विचारलं. मी सांगितलं. "विमान नवीनच घेतलंय ना? नोंदणीचं प्रमाणपत्र आलं का?" मी दाराच्या खिशातून गुलाबी कागद काढून दाखवला. विमान विकत घेतल्यावर नव्या मालकानं नोंदणीचा अर्ज करायचा आणि पक्कं प्रमाणपत्र येईपर्यंत त्या अर्जाची गुलाबी प्रत विमानात ठेवून उडायचं, अशी तेव्हा तिकडची पद्धत होती. त्यांनी कागद बघितला, परत दिला आणि म्हणाले, "हा सीमेपर्यंत चालतो. पुढं नाही."

हवालदारच समोर उभे आहेत असं वाटलं.

ते खरंच सांगत होते. गुलाबी प्रत म्हणजे अमेरिकेनं स्वतःच्या आकाशापुरती दिलेली सवलत. दुसऱ्या देशाला ती बांधील नाही. सर्व देशांना बांधणारा करार वेगळा आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजी, दुसरं महायुद्ध चालू असतानाच, शिकागोत तो झाला. त्याच्या २९व्या कलमात परदेशी जाणाऱ्या विमानात काय काय हवं याची यादी आहे: नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, चालकवर्गातल्या प्रत्येकाचा परवाना, प्रवासाची नोंदवही, रेडिओ असेल तर त्याचा परवाना, प्रवासी असतील तर त्यांची नावं आणि चढण्या-उतरण्याची ठिकाणं, माल असेल तर त्याची तपशीलवार यादी. जंबो जेट असो की माझं सेसना, यादी तीच.

या यादीत नोंदणी पहिली का, तेही त्याच करारात आहे. विमानाला राष्ट्रीयत्व असतं आणि ज्या देशात त्याची नोंदणी, त्या देशाचं ते. आपल्या विमानांवर 'व्हीटी' ही अक्षरं असतात, अमेरिकेच्या विमानांवर 'एन'. पण अक्षरं कुणीही रंगवू शकतो. त्यामागं कोणता देश उभा आहे हे प्रमाणपत्र सांगतं. आपल्या घरी आपल्याला ओळखणारे असतात. परक्या धावपट्टीवर आपल्या वतीनं बोलायला फक्त कागद असतो.

नोंदणीचं कार्यालय ओक्लाहोमा शहरात, आणि दिवस शनिवारचा. परदेशी जायचं कारण दाखवून आधी अर्ज केला असता तर तिथून तात्पुरतं प्रमाणपत्र मागवता येतं. मी तो केला नव्हता. लागतो हे मला माहीतच नव्हतं, कारण तो गुलाबी कागद कुठवर चालतो हे मी कधी विचारलंच नव्हतं.

खरं सांगतो, मनात आलं, जावं तसंच. कोण बघतंय? बऱ्याचदा कॅनडाचे अधिकारी विमानाजवळ येतही नाहीत, फोनवरच एक नंबर देतात आणि काम संपतं. पण उतरताना चाक घसरलं असतं तर विम्याच्या कंपनीनं पहिला प्रश्न काय विचारला असता? आणि संध्याकाळी शेजारी एक्याऐंशी वर्षांचे काका बसणार होते. मी फ्लाइट प्लॅन रद्द केला, कस्टम्सला फोन करून येत नसल्याचं कळवलं आणि लाडवांचा डबा गाडीत ठेवला.

सीमेवरची रांग, त्वासनपर्यंतचा रस्ता, मग फेरीबोटीचे दीड तास. पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. पूजा झाली होती, पाहुणे पांगले होते. काका नवं धोतर नेसून खुर्चीत बसले होते. मी सगळं सांगितलं. रागावतील किंवा 'असू दे' म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "न उडालास हे बरोबर केलंस. यादी पुरी नसेल तर आम्हीपण विमान सोडत नव्हतो." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पण लेका, महिनाभर काय करत होतास?"

त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

सोमवारी मी अर्ज केला. त्याच आठवड्यात काकांचं परतीचं तिकीट होतं. पुढं त्यांना इतका लांबचा प्रवास झेपला नाही. वैमानिकाशेजारी बसायचं त्यांचं राहिलं ते राहिलंच.

१९३० साली इंग्लंड-भारत एकट्यानं उड्डाणाच्या आगाखान पारितोषिकाच्या वेळी अस्पी इंजिनिअर इजिप्तमध्ये स्पार्क प्लगसाठी अडकले होते. प्रतिस्पर्धी असलेल्या जे. आर. डी. टाटांनी त्यांना स्वतःजवळचे दिले, आणि पारितोषिक अस्पींनी जिंकलं. तेच अस्पी पुढं आपल्या वायुदलाचे प्रमुख झाले. ही गोष्ट मला फार आवडते. पण स्पार्क प्लग उसना मिळतो, कागद मिळत नाही. बेलिंगहॅमच्या त्या म्हाताऱ्या वैमानिकाकडं स्वतःचं पक्कं प्रमाणपत्र होतं, ते माझ्या काय कामाचं?

कॅडेट मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या वैमानिक होतील, काही जण जहाजावर जातील, बाकीचे निदान पासपोर्ट घेऊन परदेशी जातील. कागद हातात आला की तो खरा आहे का एवढंच बघू नका. तो कोणत्या गेटपर्यंत चालतो तेही विचारा, आणि वेळ हातात असताना विचारा.

त्यानंतर मी अनेकदा व्हिक्टोरियाला उडत गेलो. नोंदणीचं प्रमाणपत्र मला तिथं आजवर कुणीही मागितलेलं नाही. तरीही निघायच्या आठवडाभर आधी मी पलंगावर चादर टाकतो आणि त्यावर सगळे कागद ओळीनं मांडतो, शाळेत शनिवारच्या तपासणीला किट मांडायचो तसे. बायको हसते. मी एकेक कागद उचलून तारीख वाचतो आणि मगच खिशात घालतो.