चाचांच्या गाडीचे काटे

जुनी गाडी घेताना आपली माणसे टायर पाहतात, हौद्याचा पत्रा ठोकून पाहतात, फार तर एक फेरी मारून येतात. चावी फिरवल्यावर समोरचे दिवे लागतात का, हे पाहणारा विरळा. आमच्या धाकट्या चाचांनीही पाहिले नाही. चाचींच्या चार बांगड्या आणि पतसंस्थेचे कर्ज यांतून त्यांनी मासळी वाहायला एक जुना डिझेल पिकअप घेतला. मेच्या सुट्टीत आम्ही तोंडवलीला पोहोचलो तेव्हा तो माडाखाली उभा होता.

तोंडवली-तळाशीलची पट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गडनदीची खाडी, मध्ये माड आणि घरे. या हवेत लोखंड टिकत नाही. त्यात हौद्यातून बर्फाचे खारे पाणी सतत खाली ठिबकणार. सायकलची चेन जिथे एका पावसात लाल होते, तिथे गाडीच्या वायरींची काय कथा!

चाचा मात्र खूश होते. "मास्तर, बघ, काटो जराय वर जाणा नाय. इंजिन थंडच चलता."

डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर. त्याच्यावर विसंबून आदल्या आठवड्यात ते कणकवलीच्या वाटेवर उभे राहिले होते. अशी जुनी डिझेल गाडी कोरडी पडली की नुसते डिझेल ओतून भागत नाही. लाइनमध्ये एअर शिरते, ती काढेपर्यंत गाडी हलत नाही. तोवर बर्फ वितळला आणि बांगडा पडेल भावात गेला. आता एक व्यापारी फोंडाघाटाने कोल्हापूरच्या खेपा द्यायला तयार होता. १ जूनला मासेमारी बंद होणार, हप्ते काही बंद होणार नाहीत. गॅरेजवाल्याने सांगितले होते, आख्खे मीटर बदला. तेवढे पैसे घरात नव्हते.

आम्ही उर्दू माध्यमात विज्ञान शिकवतो. मराठी पुस्तकातला विद्युतरोध आमच्या वर्गात 'मुजाहमत' होतो. ज्याच्या नावाने तो मोजतात तो ओहमही शाळामास्तरच. कलोनच्या शाळेत शिकवता शिकवता त्याने तारांवर प्रयोग केले आणि १८२७ साली ग्रंथ छापला. हे मुलांना सांगताना आम्हाला दरवर्षी थोडे बरे वाटते.

जुन्या गाडीतले हे काटे म्हणजे त्याच नियमाची करामत. इंजिनाच्या पाण्यात बसवलेला सेन्सर तापला की त्याचा रोध घटतो, प्रवाह वाढतो, काटा चढतो. वायर मध्येच तुटली तर प्रवाह नाही आणि काटा थंडीवर पडून राहतो. म्हणजे घाटात पाणी उकळू लागले तरी चाचांना इंजिन थंडच दिसणार होते.

चावी ऑन, इंजिन बंद. सेन्सरवरची वायर काढून क्षणभर इंजिनाच्या साफ लोखंडाला टेकवली. काटा उसळून गरमच्या टोकाला जायला हवा होता, जागचा हलला नाही. म्हणजे दोष वायरीत किंवा मीटरात. वायर चाचपत गेलो तर बॅटरीजवळ ती पिचपिचीत लागली. कापून पाहिली. वरचे आवरण शाबूत, आत तांब्याची हिरवी भुकटी! नवी वायर ओढताच काटा उसळला. आख्खे मीटर वाचले.

डिझेलचे युनिट टाकीतून काढले तर फ्लोटची दांडी मध्यावर गंजून जाम झालेली. पॉलिश पेपरने घासली, अर्थची वायर जिथे बसते तिथला पत्राही घासून चकाकवला. (पेट्रोलची टाकी असती तर आम्ही तिच्याजवळ गेलो नसतो.)

राहिला ऑइलचा लाल दिवा. चावी फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. इथे लागतच नव्हता. मीटर मागून उघडले तर होल्डर रिकामा. बल्ब उडतो हे ठाऊक होते, पण होल्डरमधून उठून चालू लागलेला बल्ब आम्ही पाहिलेला नाही. ऐब झाकून माल विकू नये, हे आपल्याकडे पोरासोरांनाही शिकवतात. विकणारा आपल्यातलाच होता.

नवा बल्ब बसवला. इंजिन तापल्यावर, गाडी उभी असताना तो मिणमिणू लागला. दोष स्विचचाही असू शकतो, म्हणून गॅरेजमध्ये स्विच काढून त्या जागी प्रेशर गेज लावून घेतले. प्रेशर खरोखरच कमी होते. मिस्त्री म्हणाला, बेअरिंग झिजली असणार, इंजिन खोलावे लागेल.

चाचा बराच वेळ बोनेट धरून उभे राहिले. दिवा काढून टाकला तर निदान पंधरा दिवस निघतील, असेही एकदा म्हणाले. चाची दारातूनच बोलल्या, "इंजिन पावसात खोला. पण तोवर घाटात जावचा नाय."

कोल्हापूरच्या खेपा सोडल्या. मेअखेरपर्यंत गाडी मालवण आणि आचऱ्यापलीकडे गेली नाही. व्यापाऱ्याने दुसरी गाडी लावली. पतसंस्थेत जाऊन दोन हप्त्यांची मुदत मागायची होती, तो अर्ज आम्ही लिहून दिला. अर्जाखाली सही करताना चाचांनी विचारले, बल्बाचे किती झाले?